लांबलेली वाट

नागांवच्या सुपारीच्या वाड्यांपासून अलिबागचें जिल्हा रुग्णालय फार दूर नाहीं, पण एच्. आय्. व्ही.ची तपासणी म्हटली, कीं लोकलज्जेनें तीच वाट लांबते.

ही लज्जा कशी ओलांडावी, हें सांगलीच्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीं दाखविलें. ‘संग्राम’ संस्थेबरोबर त्यांनीं स्वतः निरोध वांटले. १९९६ मध्यें आपली परिषद स्थापिली.

बाधितास लवकर औषध सुरू केल्यास जोडीदारास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनीं घटतो, हें पुण्यासह नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या अभ्यासानें २०११ सालीं सिद्ध झालें.

समूळ बरें करणारें, सर्वांस लागू पडणारें औषध अद्याप नाहीं. पण संसर्ग टाळण्याचें ज्ञान आहे. भेदभावास मनाई करणारा २०१७ चा कायदाही आहे.

श्रोतेहो, उरला तो शेजार! तपासणीस निघालेल्यास त्यानें धीर द्यावा. औषधाची वाट तेथूनच सुरू होते.