नकाशावर नाव कुणाचं?

पाणलोटाच्या कामात समतल चर खणताना आपण एक गोष्ट शिकलो. उतारावरची सारख्या उंचीची ठिकाणं जोडली की समतल रेषा मिळते, आणि त्या रेषेवर चर खणला की पाणी वाहून न जाता मुरतं. अशाच रेषांनी काढलेल्या एका जुन्या नकाशाची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीनं पठार कापून ग्रँड कॅन्यन नावाची प्रचंड घळ केली आहे. काही ठिकाणी ती दीड किलोमीटरहून खोल आहे. १९०२ साली फ्रान्स्वा माथेस हे सरकारी सर्वेक्षक खेचरं घेऊन तिथं गेले. विमानातून फोटो काढायची सोय तेव्हा नव्हती. तिपाईवर फळी, फळीवर कागद, आणि समोरचे कडे बघत जागेवरच नकाशा काढायचा. दर ५० फूट उंचीला एक रेषा. रेषा दाटीनं आल्या तर कडा उभा, लांब लांब गेल्या तर उतार सौम्य.

आता तिथली नावं ऐका. काही शिखरांना विष्णू मंदिर, शिव मंदिर म्हणतात! देऊळ तिथं एकही नाही. आधी येऊन गेलेल्या क्लॅरन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञांना ते सुळके पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले, एवढंच.

पण त्याच घळीत झऱ्याकाठी हवासुपाई लोक पिढ्यान्‌पिढ्या मका, घेवडा, भोपळा पिकवत होते. तिकडे सगळ्याच मूळ रहिवाशांना इंडियन म्हणत. म्हणून त्यांच्या शेताला नाव पडलं नुसतं 'इंडियन गार्डन'. १९१९ साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. १९२८ साली त्यांच्यातल्या शेवटच्या माणसालाही ती जागा सोडावी लागली. त्यांच्या मागणीवरून २०२२ साली जागेचं नाव 'हवासुपाई गार्डन्स' झालं. बाग मात्र परत मिळाली नाही.

बायांनो, आपल्याकडेही शिवारफेरी निघते, गावाचा नकाशा काढतात. उन्हाळ्यात न आटणारा झरा कुठला, सरपणाची वाट कुठली, वाडीवरच्या बायका पाण्याला कुठं जातात, हे आपल्यालाच ठाऊक असतं. म्हणून त्या दिवशी घरी थांबू नका. झऱ्याचं, वाडीचं, वाटेचं आपल्या तोंडचं नाव सांगा. ते कागदावर आलंय का, वाचून घ्या. मगच सही करा.