कार्ल्याच्या भिंतीवरचे महासांघिक

(खरवई इथल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



खरवईतून निघायचं, बदलापूरला गाडी धरायची. कर्जत, घाट, लोणावळा, मळवली. तिथून कार्ल्याची लेणी. आपली पोरं जातात, फोटो काढतात, परत येतात. भिंती कोण वाचणार? भिंतीवर ब्राह्मी लिपीत एक नाव कोरलंय : महासांघिक. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४ व्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, सेतफरणाचा मुलगा हरफरण यानं नऊ खोल्यांचा मंडप दिला. तो महासांघिकांना.

कोण हे लोक? बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत वाद पेटला. वज्जी भिक्खूंनी सोनं-चांदी घ्यावी की नाही? सिंहलद्वीपाचा 'दीपवंस' सांगतो, हरलेल्यांनी आपली वेगळी महासंगीती भरवली, तेच हे. म्हणजे ढिले, फुटीर. पण हा निकाल कुणाचा? विरोधी पक्षाचा! चिनी भाषेत उरलेली 'शारिपुत्रपरिपृच्छा' नेमकं उलटं सांगते. एका थेरानं विनयात भर घातली. काळ्या-पांढऱ्या शलाकांनी मतं मोजली. बहुसंख्यांनी जुनाच विनय धरला. बहुसंख्य, म्हणून महासांघिक. बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत संघातल्या मतदानाबद्दल बोलले, ते उगाच नाही.

तिसरी परंपरा महादेव नावाच्या भिक्खूकडे बोट दाखवते. तो म्हणाला, अर्हतातही अज्ञान उरतं, शंका उरते. थोरल्यांना हे झोंबणारच. मला हा माणूस आवडतो.

पण यांच्यातल्याच लोकोत्तरवाद्यांनी बुद्धाला जगापलीकडं नेऊन बसवलं. 'महावस्तु' हा ग्रंथ त्यांचा. इथं माझं जमत नाही. बुद्ध मार्गदाता, मोक्षदाता नव्हे, हे बाबासाहेबांनी बजावलं. अर्हताला प्रश्न विचारणाऱ्यांच्याच घरात बुद्धाचा देव झाला! आपल्या घरात काय चाललंय? तसबिरीला उदबत्ती रोज, पुस्तकावर मात्र धूळ.

फाटाफुटीचं म्हणाल तर आपल्याला नवीन काय? १९७२ ला पँथर उठली, १९७७ ला बरखास्तीची घोषणा. पण कार्ल्याच्या चैत्यगृहात एक खांब आहे, सोपाऱ्याच्या सातिमित या भाणकाचा. तो धम्मोत्तरीय, म्हणजे दुसऱ्याच निकायाचा. त्याच घरात धेनुकाकटच्या सामि सुतारानं दार घडवलंय, यवनांनी खांब दिलेत. निकाय वेगळे, जाती-वतनं वेगळी, छत एक.

तो खांब हाताला लागतो. येत्या रविवारी पहिल्या कर्जत गाडीनं जाऊ. वही आणि बॅटरी आणा.