ओकुरातील दोन रात्री
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी मी जपानात मुलाकडे गेले होते. सूनबाईच्या हट्टापायी तोकियोच्या ओकुरा हॉटेलात दोन रात्री राहिले. खोलीचे भाडे तिने मला शेवटपर्यंत सांगितले नाही, आणि तेच बरे!

मन रमले ते खालच्या दिवाणखान्यात. छतापासून मण्यांच्या माळांसारखे पैलूदार दिवे लोंबतात. गोल मेजाभोवती खुर्च्या अशा मांडलेल्या, की वरच्या सज्जातून पाहावे तर जणू प्लमचे फूलच उमलले आहे! १९६२ साली योशिरो तानिगुची यांनी हा दिवाणखाना रचला. २०१५ साली ती इमारत पाडण्यास घेतली. २०१९ मध्ये नवे मनोरे उभे राहिले, तेव्हा त्यांचे चिरंजीव योशिओ यांनी वडिलांचा दिवाणखाना पुन्हा तसाच उभारला.

हे ऐकता ऐकता माझा चहा निवून गेला. आमचा वाडा पाडला तेव्हा सासूबाईंच्या झोपाळ्याच्या पितळी कड्या मी मोडीत घातल्या होत्या. नव्या घरात त्या टांगायच्या कोठे, म्हणून! सूनबाईने हळूच विचारले, "आई, त्या कड्या कोणाला दिल्या हो?"

परत आल्यावर मोडवाल्याकडे जाऊन आले. कड्या केव्हाच भट्टीत गेल्या होत्या.