शिलाहार : एका कुळनावाची वाट



भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी माणसे खाडीचा वारा खायला येतात. हजार वर्षांपूर्वी या मुलखावर ज्यांचा अंमल होता, त्या ठाण्याच्या शिलाहारांच्या नावाबद्दल आज बोलायचे आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या 843 सालच्या लेखात त्यांच्यातला पुल्लशक्ती भेटतो, राष्ट्रकूट अमोघवर्षाचा मांडलिक म्हणून. अंबरनाथचे देऊळ 1060 साली त्यांच्याच मुम्मुणी राजाच्या कारकिर्दीत उभे राहिले.

पण शिलाहार हे नाव आले कुठून? घराण्याची कथा अशी : जीमूतवाहन विद्याधराने एका नागाचा जीव वाचवण्यासाठी स्वतःला शिळेवर गरुडापुढे ठेवले. शिळेवरचा तो आहार, म्हणून शिलाहार. त्यांचा ताम्रपट हाती घेतला तर पत्रे ओवलेल्या कडीवर गरुडाचीच मुद्रा दिसते. ज्याने पूर्वजाला चोच मारली, तोच कुळाचे चिन्ह झाला! कथा मला फार आवडते, पण तिच्यावर विश्वास बसत नाही. कारण जुन्या लेखांत हे नाव शिलार, सिलार असेही येते. आधी असे साधे, बोलीतले नाव असावे. पंडितांनी त्याला संस्कृत साज चढवला आणि मग त्या साजाला शोभेल अशी कथा जोडली. रोममध्येही तेच. सीझरचे ज्यूलियस घराणे आपले मूळ ईनिअसचा मुलगा यूलस आणि त्याच्यामार्फत थेट व्हीनस देवीपर्यंत नेत असे.

कथेपेक्षा बिरुदे जास्त बोलतात. हे राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. रोमन काळात तिथले कापड गाड्यांनी भडोचला जाई, असे ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या ग्रंथाचा ग्रीक लेखक सांगतो. शिवाय ‘मलगलगंड’, ‘गंडरगंड’ ही बिरुदे सरळ कन्नड आहेत. कोकणात राज्य करणारे हे लोक घाटावरून, कानडी बोलणाऱ्या मुलखाच्या बाजूने आले असावेत, असे मला वाटते.

शेवटचा राजा सोमेश्वर यादवांशी लढताना 1265 च्या सुमारास समुद्रात बुडाला. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे. ती हीच, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि शेलार हे आडनाव शिलाहारांचे मानतात ना? ते मला पटते. फक्त ते शिलाहारवरून नव्हे, त्या जुन्या शिलारवरून आले असावे.