दताचे नाव दगडावर, आपले नाव कुठे?

(कन्नड येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आपल्या गटातल्या मुली प्रश्न फार छान विचारतात. एकीने विचारले, "ताई, युरोपातल्या बायका पहिल्यापासूनच आपल्या पुढे होत्या का?" आज त्यावरच बोलते.

इंग्लंडमध्ये १८७० पर्यंत लग्न झालेल्या बाईने कमावलेली मजुरीसुद्धा कायद्याने नवऱ्याची असे. फ्रान्समध्ये नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खाते उघडायला बाईला १९६५ साल उजाडावे लागले. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला १९७१ मध्ये. आपल्या आज्या १९५२ पर्यंत पहिले मतदान करून मोकळ्या झाल्या होत्या!

आता आपल्या तालुक्यात या. पितळखोऱ्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या ब्राह्मी लेखांत राजवैद्य मगिल याची मुलगी दता हिचे दान तिच्या नावाने कोरले आहे. आणि मगिलची ओळख काय दिली आहे? 'वच्छीपुत', म्हणजे वच्छीचा मुलगा. आईवरून! सातवाहन राजेही असेच, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र.

पण लगेच 'तेव्हा बायकांचे राज्य होते' असे म्हणू नका. वच्छी, गौतमी ही आईच्या गोत्रावरून आलेली नावे. दताची ओळखही बापावरूनच. शिवाय राजवैद्याच्या मुलीकडे द्यायला काही होते. तिच्या घरी राबणाऱ्या बाईचे नाव कोण कोरणार?

म्हणजे पुढारलेला देश असो की थोर प्राचीन संस्कृती, बाईला हक्क आपोआप कुणी दिला नाही. इंग्लंडच्या बायकांनी १८५६ मध्ये हजारो सह्यांचा अर्ज संसदेत दिला, तरी पूर्ण मालमत्ता हक्काला १८८२ उजाडले. स्वित्झर्लंडच्या पुरुषांनी १९५९ मध्ये मतदान करून 'नाही' म्हटले. बायका थांबल्या नाहीत.

आपल्याकडे २००५ पासून हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतका आहे. महाराष्ट्रात ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचेही नाव लागते. कागद झाले. पण माहेरी गेल्यावर साडीचोळीबरोबर हक्कसोडपत्र पुढे येतेच ना?

म्हणून एवढे करा. घरचा सातबारा काढा. आपले नाव आहे का पाहा. असेल तर मालकाच्या रकान्यात आहे की 'इतर हक्का'त, तेही पाहा. वाचता येत नसेल तर पुढच्या बैठकीला कागद घेऊन या, मिळून वाचू. आणि तोवर कशावरही अंगठा देऊ नका.