घरात समुद्र आणायचा तर



'निमो' पाहिला की मुलं खाऱ्या पाण्याच्या टँकचा हट्ट धरतात. हौस जरूर करा, पण दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत आहे. दुकानदार काहीही सांगो, जिवंत नाही अन् मेलेलंही नाही! सिरॅमिकचे सच्छिद्र दगड आणि टँकमध्येच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी, एवढ्यात छान भागतं.

पैसे वाचवायला छोटा टँक घेऊ नका. पाणी थोडं, तेवढं लवकर बिघडतं. १०० लिटरचा बरा. भरल्यावर शंभर किलोच्या वर जातो, स्टँड भक्कम हवा. प्रवाळच नाही, मग महागडे दिवे कशाला? ते पैसे फिल्टर आणि रिफ्रॅक्टोमीटरला. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ. पाणी आटलं की भर मात्र गोड्या पाण्याची, कारण मीठ उडून जात नाही.

मासे सगळ्यात शेवटी. अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला चार-सहा आठवडे लागतात. तेवढं न थांबता आणलेला मासा मुलांच्या डोळ्यांदेखत मरतो.

वीज गेली तर बॅटरीवरचा एअरपंप ठेवा. लिफ्टच्या जनरेटरवर टँक जोडू देत नाहीत, कमिटीला विचारून झालंय.