कोर्टाने पाठविलेल्या माणसाशी बोलताना



आजचा विषय परदेशात वाढलेला असला, तरी व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या वा समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला तो जवळचा वाटेल. 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' असे या संभाषणपद्धतीचे नाव. ते ऐकून स्फूर्तिदायक भाषणे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात हे त्याच्या अगदी उलट आहे. येथे समोरच्याने बोलायचे असते आणि आपण ऐकायचे असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 साली मद्यपींशी बोलण्याच्या या पद्धतीवर लेख लिहिला. पुढे 1991 मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांचा ग्रंथ निघाला. मूळ निरीक्षण साधे आहे. सोडू की नको, असे ज्याच्या मनात चालले आहे, त्याला आपण सोडण्याची कारणे सांगू लागलो की तो न सोडण्याची कारणे सांगू लागतो आणि बोलता बोलता ती स्वतःलाच पटवून देतो. मिलर व सहकाऱ्यांच्या 1993 मधील अभ्यासात असे आढळले की उपचारक जितका भिडून वाद घाली, तितके ते मद्यपी वर्षभरानंतर अधिक पीत होते. घरात दारूवरून रोज भांडण होते तेथे याहून वेगळे काय घडते?

आता यात कोर्ट येते. 1989 साली फ्लोरिडातील मायामी येथे अमेरिकेतील पहिले 'ड्रग कोर्ट' सुरू झाले. अमली पदार्थांच्या काही खटल्यांत आरोपीला तुरुंगाऐवजी न्यायाधीशांच्या देखरेखीखाली उपचार घेता येऊ लागले. अशी न्यायालये नंतर देशभर निघाली. तेथून आणि प्रोबेशनवरून आलेल्या माणसांवर बहुधा गटात उपचार होतात. आठ-दहा जण गोल बसतात. स्वखुशीने आलेला त्यांत क्वचितच एखादा.

अशा गटात पहिले वाक्य बहुधा तक्रारीचे येते. उदाहरणादाखल कल्पना करू. एक जण म्हणतो, "सगळेच पितात, पोलिसांना मीच सापडलो." लगेच दुसरा आपल्या वकिलाची कथा सांगतो, तिसरा न्यायाधीशाची. दहा मिनिटांत सारा गट एका सुरात. एकट्या माणसाशी बोलताना हा धोका नसतो. गटात न बदलण्याची भाषा साथीसारखी पसरते. समुपदेशकाने येथे उपदेश केला की आठ विरुद्ध एक अशी लढाई जुंपते आणि ती तो हरतोच.

कुशल समुपदेशक म्हणतो, "म्हणजे इथं यायचं की नाही, हे तुम्हांला कुणी विचारलंच नाही." माणूस थोडा सैल होतो. मग प्रश्न येतो, "पिणं कमी करणं तुम्हांला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहा?" "तीन." "शून्य का नाही?" हा प्रश्न या पद्धतीचा प्राण आहे. 'दहा का नाही' असे विचारले तर सबबी मिळतील. 'शून्य का नाही' म्हटल्यावर तो थांबतो आणि सांगतो, "पोरगी शनिवारी भेटायला येते. वास आला की जवळ बसत नाही." आता यावर समुपदेशकाने बोलू नये. गटाकडे वळून विचारावे, "हे ऐकताना कुणाला स्वतःचं काही आठवलं?" सल्ला मागायचा नाही, कारण सल्ला द्यायला सगळेच तयार असतात.

गटातील या कामाचा पुरावा एकट्याशी केलेल्या कामाइतका भक्कम नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

खरी कसोटी पुढेच आहे. शनिवारी मी प्यालो, असे त्याने मोकळेपणाने सांगितले आणि ते न्यायाधीशापर्यंत गेले, तर तो तुरुंगात जाऊ शकतो. ऐकणारा तोच आणि कळविणाराही तोच. आमच्या मते ज्या गटात हा प्रश्न पहिल्याच दिवशी उघड बोलला जात नाही, त्या गटातील प्रामाणिकपणा म्हणजे सापळा होय. अमेरिकेत व्यसनोपचाराच्या नोंदींच्या गुप्ततेचे स्वतंत्र संघराज्य नियम आहेत आणि न्यायालयाला माहिती देण्यासाठी सर्वसाधारणपणे रुग्णाची लेखी संमती घेतात. हजेरी कळविणार का, लघवीची तपासणी कळविणार का, गटातले बोलणे कळविणार का, हे एकेक करून सांगावे लागते. शेजारी बसलेल्या सोबत्याच्या तोंडाला मात्र केवळ शब्दाचे कुलूप.

मिलर आणि रोलनिक यांनी 2013 च्या आवृत्तीत या पद्धतीच्या गाभ्यात 'करुणा' हे तत्त्व घातले. हा शब्द या व्यासपीठाला नवा नाही. तेथे त्याचा अर्थ काटेकोर आहे. समोरच्याचे हित आधी पाहायचे, संस्थेचे वा आपले नंतर. नाहीतर हेच कौशल्य गिऱ्हाईक गळाला लावण्यासाठीही वापरता येते.

आपल्याकडे 1958 चा अपराधी परिवीक्षा कायदा आहे. अमली पदार्थविषयक 1985 च्या कायद्यातील कलम 39 नुसार, मर्यादित गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला न्यायालय तिच्या संमतीने, बंधपत्रावर, मान्यताप्राप्त ठिकाणी उपचारासाठी सोडू शकते. मात्र वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल न्यायालयापुढे यावा लागतो. तेव्हा प्रात्यक्षिक कामासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या अहवालाचा नमुना पहिल्याच दिवशी मागून घ्यावा. त्यात कोणते रकाने आहेत ते वाचावे आणि गटात बसण्यापूर्वी ते रकाने त्या माणसांनाही मोठ्याने वाचून दाखवावेत.